गाडी खाली घ्या, टायर वाचवा

गाडी लोअर करायची ठरली की चर्चा रंगते ती स्प्रिंगच्या ब्रँडवर, किमतीवर आणि चाकाची कमान टायरच्या किती जवळ आली की गाडी देखणी दिसेल यावर. टायरचा विषय निघतो काही महिन्यांनी. टायरवाला चाक उतरवतो आणि आतली कड दाखवतो. बाहेरून नवा वाटणारा टायर आतल्या कडेला गुळगुळीत झालेला असतो, कधी रबराखालची जाळीसुद्धा दिसू लागलेली असते. मग गॅरेजमधलं ठरलेलं वाक्य कानावर पडतं : गाडी बसवली की टायर खाणारच.

हे वाक्य मला मान्य नाही. बेताने खाली घेतलेली, नीट जोडलेली आणि नीट मोजलेली गाडी मूळ गाडीइतकेच टायर चालवते. टायर खातात ते चाकांचे बदललेले कोन. हे कोन मोजता येतात आणि त्यांतला सर्वांत घातक कोन जवळपास प्रत्येक गाडीत साध्या पान्याने दुरुस्त करता येतो. स्प्रिंग बदलणं हे निम्मं काम आहे, उरलेलं निम्मं काम भूमितीचं आहे. बहुतेक गाड्यांचं नुकसान होतं ते हे दुसरं निम्मं काम कोणी करतच नाही म्हणून.

स्प्रिंग आखूडही हवी आणि कडकही

रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम साधा आहे : स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती दबते. गाडीच्या पुढच्या एका चाकावर शरीराचा ३५० किलो भार येतो असं धरू. म्हणजे बळ सुमारे ३४३० न्यूटन. मूळ स्प्रिंगचा कडकपणा २२ न्यूटन प्रति मिलिमीटर असेल, तर गाडी उभी असताना ती सुमारे १५६ मिलिमीटर दबलेली असते. आता २८ न्यूटन प्रति मिलिमीटरची, म्हणजे सव्वापटीहून थोडी अधिक कडक स्प्रिंग बसवली तर ती सुमारे १२२.५ मिलिमीटरच दबेल. नुसती कडक स्प्रिंग घातली, तर गाडी ३३ मिलिमीटर वर येईल! गाडी ३० मिलिमीटर खाली हवी असेल, तर नवी स्प्रिंग मोकळी असताना जुनीपेक्षा ६३ मिलिमीटर आखूड असावी लागते.

मग कडकपणा वाढवायचाच कशाला? कारण खाली आलेल्या गाडीला खड्ड्यात दबायला जागा कमी उरते. चाक वर जायला आधी ८० मिलिमीटर वाव असेल, तर आता ५० उरतो. तोच खड्डा कमी अंतरात पचवायचा तर स्प्रिंगने जास्त जोर लावायलाच हवा. हिशेब मांडला तर मूळ स्प्रिंगवर गाडीची वरखाली होण्याची नैसर्गिक गती सेकंदाला सुमारे १.२६ वेळा येते, नव्या स्प्रिंगवर १.४२. अंगाला हा फरक जाणवतो, पण तो त्रासदायक नाही. चांगल्या बनावटीच्या लोअरिंग स्प्रिंग याच पट्ट्यात राहतात.

आता कटरने स्प्रिंग कापण्याचा स्वस्त उपाय पाहू. सहा वेटोळ्यांच्या स्प्रिंगमधलं एक वेटोळं कापलं की ती २० टक्के कडक होते, म्हणजे कागदावर हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण मूळ स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीत नेमकं बसेल असं वळवलेलं असतं आणि कापलेलं टोक तसं बसत नाही. स्प्रिंग तिरकी दबते, बैठक खाते. त्याहून मोठा धोका चाक पूर्ण खाली लोंबकळतं तेव्हा असतो. मोठ्या खड्ड्यात किंवा उंच गतिरोधकावरून उतरताना शॉकअप पूर्ण लांब होतो आणि आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणं याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला उष्णतेची नेमकी प्रक्रिया करून त्याचा ताठपणा दिलेला असतो. ज्योत लागली की तो तिथून निघून जातो, गाडी एका बाजूने कलते आणि स्प्रिंग कधी तुटेल याचा भरवसा राहत नाही.

तारेच्या जाडीचा परिणाम किती मोठा असतो तेही पाहण्यासारखं आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्यांची संख्या आणि व्यास तोच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ मिलिमीटरची केली, तर कडकपणा जवळपास ३८ टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरने गाडीचा स्वभाव पालटतो. म्हणूनच स्प्रिंग तुमच्या मॉडेलसाठी आणि तुमच्या इंजिनसाठी बनवलेली हवी. डिझेल गाडीचं नाक पेट्रोलपेक्षा जड असतं. एकीची स्प्रिंग दुसरीला लावली की गाडीची उंची ठरल्याप्रमाणे येत नाही आणि पुढचे सगळे कोन बिघडतात.

गाडी उतरली की चाक कलतं

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना फोर्डने १९५० मध्ये ब्रिटनमध्ये कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आणली. स्वस्त, सुटसुटीत आणि जागा वाचवणारी असल्याने ती जगभर पसरली. खाली एक लोअर आर्म, वर शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब, आणि स्टिअरिंगकडून येणारा टाय रॉड. बस्स, एवढ्यावर पुढचं चाक उभं असतं.

गाडीचं शरीर खाली आलं की लोअर आर्मचं आतलं टोक खाली येतं. चाक जमिनीवरच असल्याने बाहेरचं टोक त्या मानाने वर जातं. आर्म कंसात फिरतो आणि सुरुवातीला चाकाचा खालचा भाग किंचित बाहेर ढकलतो. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत कलतो. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत २५-३० मिलिमीटरच्या उतारात हा बदल साधारणपणे एका अंशाच्या आतच राहतो. आर्म स्ट्रटशी काटकोनाच्या पुढे गेला की हा कल वाढणं थांबतं आणि उलट फिरू लागतं. म्हणजे अती खाली घेतलेल्या मॅकफर्सन गाडीला वळणावर हवा असलेला कॅम्बरसुद्धा नीट मिळत नाही.

आता टो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, एकमेकांपासून दूर गेलेली असली तर टो-आउट. टाय रॉडची लांबी आणि लोअर आर्मची लांबी सारखी नसते, त्यांचे बिजागरही एका जागी नसतात. त्यामुळे दोघे वेगवेगळ्या कंसात फिरतात. गाडी खाली आली की दोन कंसांतला हा फरक चाकाला थोडं वळवतो. कोणत्या दिशेला, ते स्टिअरिंगचा रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, वर आहे की खाली, यावर ठरतं. पण उंची बदलली आणि टो जिथल्या तिथे राहिला असं क्वचितच घडतं.

तिसरा कोन कॅस्टर. स्टिअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ येतं ते या कोनामुळे. पुढून आणि मागून गाडी सारखीच उतरली तर कॅस्टर फारसा हलत नाही आणि टायरच्या झिजेशी त्याचा संबंधही कमी. त्याची डाव्या-उजव्या बाजूची तफावत मात्र पाहावी, कारण गाडी एका बाजूला ओढत असेल तर कारण बरेचदा तिथे सापडतं.

खरा टायरखाऊ टो

आतली कड झिजलेली दिसली की सगळे कॅम्बरला दोष देतात, कारण चाक कललेलं डोळ्यांना दिसतं. टो डोळ्यांना दिसत नाही. पण हिशेब टोच्या विरोधात जातो.

एका चाकाचा टो पाव अंशाने, म्हणजे १५ मिनिटांनी बिघडला असं धरू. साठ मिनिटांचा एक अंश होतो. सहाशे मिलिमीटर व्यासाच्या टायरवर हा फरक मोजला तर तीन मिलिमीटरही भरत नाही. पण गाडी सरळ जात असताना हे चाक दुसऱ्या दिशेला बघत असतं. भूमितीच्या हिशेबाने प्रत्येक किलोमीटरला ते सुमारे ४.४ मीटर आडवं सरकतं. दहा हजार किलोमीटरनंतर बेरीज करा : ४३ किलोमीटरहून जास्त आडवी फरफट. रबर लवचीक असल्याने यातला काही भाग ते स्वतःत मुरवतं, पण उरलेली घासाघीस टायरचा जीव घ्यायला पुरेशी असते.

कॅम्बरचं काम वेगळं आहे. कललेला टायर आडवा फरफटत नाही, फक्त आतल्या कडेवर भार जास्त घेतो. टो बरोबर असेल तर उणे एक ते उणे दीड अंशाचा कॅम्बर रोजच्या वापरात टायर सांभाळून घेतो, विशेषतः घाटात आणि वळणांवर बाहेरची कडही आपला वाटा उचलत असेल तर. घात होतो तो दोन्ही एकत्र आल्यावर. निगेटिव्ह कॅम्बरने भार आतल्या कडेवर आणला आणि टो-आउटने तीच कड रस्त्यावर घासली, की काही हजार किलोमीटरांत टायर संपतो. अशा गाडीत कॅम्बर तसाच ठेवून फक्त टो सुधारला तरी झीज एकदम मंदावते.

टायर काय सांगतोय ते हाताने वाचता येतं. गाडी थंड असताना टायरवर तळहात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेला हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेला प्रत्येक पट्टीची कड करवतीच्या दात्यांसारखी टोचते, असं झालं तर टो बिघडला आहे. दोन्ही दिशांना सारखंच लागतं पण आतली कड सरळसोट झिजली आहे, तर कॅम्बर पाहा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी, मधला झिजला असेल तर हवा जास्त. टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉकअप मेला आहे, चाक रस्त्यावर उड्या मारतंय. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि आपल्या नियमांनुसार ती १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलावा लागतो. स्प्रिंग बदलल्यावर पहिले काही महिने दर महिन्याला ही हात फिरवण्याची तपासणी करावी. पट्टीची कड टोचू लागते तेव्हा टायर वाचवण्याइतका वेळ हातात असतो. जाळी दिसू लागली की तो गेलेला असतो.

मागची चाकं : दोन गाड्या, दोन गोष्टी

पुण्याजवळ चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो ही आपल्याकडे लोअर करणाऱ्यांची आवडती गाडी. तिला मागे ट्विस्ट बीम आहे. दोन्ही चाकं एकाच पोलादी तुळईला जोडलेली आणि ती तुळई पुढच्या टोकाला दोन बुशांवर झुलते. ही रचना फोक्सवॅगनच्या १९७४ च्या पहिल्या गोल्फमध्येही होती. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर त्यांचा टो आणि कॅम्बर जवळपास तेवढाच राहतो. म्हणून पोलो, स्विफ्ट यांसारख्या गाड्या खाली घेतल्या तरी मागचे टायर सहसा खात नाहीत. खात असतील तर लोअरिंगला दोष देण्याआधी तुळई किंवा स्टब ॲक्सल वाकला आहे का ते पाहावं. खड्ड्यात जोरात आपटलेल्या गाडीत हे होतं. या रचनेत कोन बदलायला बोल्ट नसतो. स्टब ॲक्सल आणि तुळई यांच्यात पातळ शिम घालून तो सुधारतात, किंवा वाकलेला भाग बदलतात.

२००६ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिविकची गोष्ट वेगळी. तिच्या मागच्या चाकांना स्वतंत्र आर्म आहेत. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असला की गाडी खाली आल्यावर चाकाचा माथा मॅकफर्सनपेक्षा जास्त वेगाने आत कलतो. सोबत टोही हलतो. अशा गाड्यांचे मागचे टायर आतून जातात आणि मागचं चाक वळत नसल्यामुळे आतली कड कोणाच्या नजरेस पडत नाही. या रचनेत टो बदलण्याची सोय बहुधा असते, कॅम्बरची बरेचदा नसते. तिथे लांबी बदलता येणारे आर्म लावावे लागतात. स्प्रिंगच्या खर्चात हा खर्च आधीच धरावा.

पुढच्या चाकांतही गाडीगणिक फरक आहे. स्विफ्टसारख्या गाड्यांत स्ट्रट दोन बोल्टनी नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाला, जोडलेला असतो. त्यातला एक बोल्ट बदलून उत्केंद्री कॅम्बर बोल्ट घातला की एक-दीड अंशाचा फेरफार मिळतो. पोलोत स्ट्रट नकलच्या कॉलरमध्ये आवळलेला असतो, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही. स्प्रिंग विकत घेण्याआधी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा : या गाडीत कोणकोणते कोन बदलता येतात? त्या उत्तरावर गाडी किती खाली घ्यायची ते ठरतं.

जोडणीतल्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट शॉकअपची. स्प्रिंग उडी मारते आणि शॉकअप तिला आवरतो. लाख किलोमीटर धावलेल्या शॉकअपवर सव्वापट कडक स्प्रिंग टाकली तर तिला आवरणारं कोणी उरत नाही. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ असेल, किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीन वेळा हेलकावत असेल, तर स्प्रिंगसोबत शॉकअप बदलावेच लागतात. टॉप माउंट आणि त्याचं बेअरिंगही त्याच वेळी बदलावं. स्ट्रट परत उघडायचा म्हणजे मजुरी दुप्पट आणि अलाइनमेंट पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट बंप स्टॉपची. शॉकअपच्या दांड्यावरचा हा फोमचा ठोकळा प्रवासाच्या शेवटी धक्का झेलतो. गाडी ३० मिलिमीटर खाली आली की हा ठोकळा तेवढाच जवळ येतो. तो मूळ लांबीचाच ठेवला, तर कधी कधी गाडी साध्या खड्ड्यातही स्प्रिंगऐवजी ठोकळ्यावर आपटते. पाठीला धक्के बसतात आणि लोक दोष देतात स्प्रिंगला. स्प्रिंगच्या कंपनीने आखूड बंप स्टॉप दिला असेल किंवा किती कापायचा ते सांगितलं असेल, तर तेवढंच करावं. तो काढून टाकू नये. तो नसला की धक्का थेट शॉकअपच्या वाल्व्हला आणि गाडीच्या पत्र्याला बसतो.

तिसरी गोष्ट बुशची, आणि चांगल्या गॅरेजमध्येही ती राहून जाते. लोअर आर्मचा रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटवलेला असतो. आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर रबर त्या कोनात पक्कं होतं. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि बुश उभ्या गाडीतही कायम पिळलेला राहतो. तो गाडीला वर ढकलत राहतो, उंची खोटी येते, महिन्याभरात रबर ढिलं पडून उंची बदलते आणि नुकतीच केलेली अलाइनमेंट वाया जाते. पुढे रबर फाटतं ते वेगळंच. म्हणून आर्मचे आणि मागच्या तुळईचे बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उभी करायची, एक-दोनदा दाबून मोकळी करायची आणि मगच टॉर्क पान्याने आवळायचे. दहा मिनिटांचं काम आहे. गॅरेजमध्ये उभं राहून ते करून घ्यावं.

किती खाली?

उंची मोजायची तर जमिनीपासून बंपरपर्यंत मोजू नका, कारण टायरची हवा आणि झीज ते माप बदलतात. चाकाच्या केंद्रापासून वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत चारही बाजूंना मोजा आणि लिहून ठेवा. स्प्रिंग बदलण्याआधी, बदलल्यावर आणि काही आठवड्यांनी. डाव्या-उजव्या बाजूत पाच-सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर जोडणीत काहीतरी चुकलं आहे.

रस्त्याचा हिशेबही मांडू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्याच्या कमानीची त्रिज्या १७ मीटर. पोलोच्या दोन ॲक्सलमधलं अंतर सुमारे २.४७ मीटर. अशा गतिरोधकावर गाडी मधोमध असताना पोटाखाली फक्त साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. नियमाने बांधलेला गतिरोधक लोअर केलेल्या गाडीला अजिबात त्रास देत नाही. त्रास देतात ते अरुंद आणि उंच बांध, जे दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतात आणि ज्यांची सगळी उंची पोटाला भिडते. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला सुमारे १६५ मिलिमीटर. त्यातून ३० वजा केले की १३५, आणि चार माणसं व सामान भरलं की त्याहून बराच कमी. अशा बांधावर इंजिनाचा चेंबर फुटला तर तेल गेलं आणि इंजिनही गेलं.

खोलीचा आणखी एक हिशेब आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५० मिलिमीटरवर धरला तर ३० मिलिमीटरने तो साडेपाच टक्क्यांनी खाली येतो. पण वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर मॅकफर्सन रचनेत लोअर आर्मच्या कलावर ठरतो आणि गाडी उतरली की तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला झुकवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली घेतलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त झुकते. टाय रॉड आणि आर्म यांचे कोन जुळेनासे झाल्याने प्रत्येक खड्ड्यात टो हलतो आणि स्टिअरिंग हातात वळवळतं. उभ्या गाडीत टो कितीही नेमका लावला तरी हे थांबत नाही.

म्हणून माझा निर्णय स्पष्ट आहे : रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला २५ ते ३० मिलिमीटर. तिथे दिसण्यातला फरक मिळतो, चालवण्यातला फरक मिळतो आणि भूमिती कंपनीने आखलेल्या मर्यादेच्या आसपास राहते. त्यापुढे जायचं तर रोल सेंटर, टाय रॉड आणि कॅम्बर हे सगळं नव्याने जुळवण्याची तयारी आणि पैसा हवा.

अलाइनमेंटचा कागद

स्प्रिंग बसवल्या त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावी. पुष्कळजण 'स्प्रिंग बसू दे, मग करू' म्हणून थांबतात. स्प्रिंग आणि बुश बसतात हे खरं, पण तोवरच्या पाच-सातशे किलोमीटरांत बिघडलेला टो टायर सोलत असतो. म्हणून दोनदा करावी : एकदा लगेच, एकदा पाचशे ते हजार किलोमीटरांनी.

मशीनवर गाडी चढवण्याआधी चारही टायरांत ठरलेली हवा भरलेली असावी. डिकीत रोज असतं तेवढंच सामान असावं. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंग यांत खेळ नाही ना हे चाक हलवून पाहिलेलं असावं. ढिल्या जॉइंटवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. मागचे कोन बदलता येत नसले तरी मोजायचे चारही चाकांचे. मागच्या चाकांची दिशा गाडीच्या मध्यरेषेशी जुळत नसेल तर पुढचा टो कितीही अचूक लावला तरी स्टिअरिंग वाकडं धरूनच गाडी सरळ जाईल.

आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. त्यावर चार गोष्टी पाहा. पुढचा टो डाव्या-उजव्या चाकात सारखा वाटलेला आणि कंपनीच्या मर्यादेत, शक्यतो शून्य ते किंचित टो-इन. कॅम्बर डाव्या-उजव्या बाजूला अर्ध्या अंशाहून जास्त वेगळा नको. मागची दिशा शून्याजवळ. आणि स्टिअरिंग सरळ. नुसतं 'अलाइनमेंट ओके' म्हणून सांगितलं आणि कागद दिला नाही, तर ते काम झालंच नाही असं समजावं. निघताना हेडलाइटची दिशाही तपासून घ्यावी. नाक आणि शेपूट वेगवेगळी उतरली की प्रकाशझोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो किंवा रस्त्यावर जवळच पडतो.

नियम आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाहून नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून स्प्रिंग मागवण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करा आणि उत्तर जपून ठेवा.

जर्मनीत याची घडी नीट बसलेली आहे. १९५१ पासून स्प्रिंग बनवणाऱ्या आयबाखसारख्या कंपन्या स्प्रिंगसोबत तपासणी अहवाल देतात. ती स्प्रिंग कोणत्या मॉडेलला, किती ॲक्सल भारापर्यंत आणि कोणत्या चाकांसोबत चालेल, ते त्यात लिहिलेलं असतं. मालक गाडी टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडे नेतो, तिथले तपासनीस जोडणी पाहतात आणि मग ते कागदोपत्री मान्य होतं. हौस आणि सुरक्षितता यांची सांगड घालणारी अशी व्यवस्था आपल्याकडेही यायला हवी.

ती येईपर्यंत जबाबदारी मालकाची आहे. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंग घ्या, ३० मिलिमीटरवर थांबा, थकलेले शॉकअप सोबतच बदला, गाडी चाकांवर उभी करून बुश आवळून घ्या आणि त्याच दिवशी टो लावून घ्या. स्प्रिंगचं बजेट ठरवताना या सगळ्या कामांचे पैसे आधी बाजूला काढा. तेवढे पैसे नसतील तर गाडी मूळ उंचीवरच ठेवा. अर्धवट केलेल्या लोअरिंगपेक्षा ती नक्कीच चांगली चालते.